मुद्द्याचं इंग्रजी

कंपालातल्या त्या कचेरीत नव्या पोरापोरींना कामाचं इंग्रजी शिकवायच्या नाकाझिब्वेबाई. "आपल्या रीतीनं गुडघे टेकून घरादाराची खुशाली विचारत बसाल, तर साहेब हाकलून देईल मेल्यांनो! एवढंच घोका: लेट्स गेट टू द पॉइंट."

त्या पोरांतला कासुले हुशार निघाला. घोकता घोकता बाईंचाच साहेब झाला.

नवऱ्याला माती देऊन बाई कामावर परतल्या. आमच्याकडं अशा वेळी माणसं हातातलं काम टाकून आधी जवळ बसतात, कसे गेले ते विचारतात. बाई कासुलेच्या टेबलापाशी थांबून राहिल्या.

कासुलेनं मान वर केली नाही. "सॉरी फॉर युअर लॉस, मॅडम. लेट्स गेट टू द पॉइंट."

बाईंना रडूही फुटेना. उच्चार अगदी बिनचूक होता. त्यांनीच तर घोटून घेतला होता.