बकासुरासाठी माणसं पाहिजेत

आमच्याकडे नवं कॅलेंडर आलं की जुनं काढत नाहीत, त्याच खिळ्यावर वरून टांगतात. आमच्या गेमच्या किश्श्यांचं तसंच झालंय. गेम कधीचा मागे पडला, पण दिवाळीत वर्ध्याला मित्र जमले की कोणीतरी एक पान उचलतो आणि खालची सगळी दिसायला लागतात.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. माझा मित्र मधू, त्याचा मामेभाऊ दुबईहून आला आणि येताना कॉम्प्युटर घेऊन आला. कॉम्प्युटर म्हणजे नुसता कीबोर्ड. तो टीव्हीला जोडायचा आणि प्रोग्राम टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवर साठवायचा. मधूच्या डोक्यात लगेच गेम शिरला. वर्ध्याजवळचं केळझर म्हणजे भीम-बकासुराच्या कथेतली एकचक्रानगरी असं आमच्या भागात मानतात. म्हणजे बकासुर आपला गाववालाच की! खेळणारा भीम होणार, अन्नाचा गाडा घेऊन जंगलात जाणार आणि पुढे काय करायचं ते शब्द टाइप करून सांगणार. इंग्रजी अक्षरांत मराठी शब्द: जा, उचल, मार.

मधूचे बाबूजी धान्याचे अडते. त्यांनी डब्याकडे एकदाच पाहिलं आणि म्हणाले, "दसऱ्यापर्यंत काय करायचं ते कर. पाह्यण्यासारखं झालं तं पाहू. नाई तं डबा बंद, अन् दुकानात गादीवर येऊन बसजो."

मधूला गादीवर बसायचं नव्हतं. गादीचं नाव काढलं की त्याला जेवण जात नसे. मला तर ना चित्र येत होतं ना प्रोग्राम, म्हणून माणसं जमवायचं खातं माझ्याकडे आलं.

*

मी कॉलेजच्या नोटीस बोर्डावर चिठ्ठी लावली: 'गेमसाठी चित्रकार व प्रोग्रामर पाहिजेत. पगार नाही. चहा मिळेल.'

बरीच मंडळी आली. एकाने सर्टिफिकेट मिळेल का विचारलं, दुसऱ्याने पुढे पर्मनंट करणार का ते विचारलं. तिसरा मात्र काहीच न विचारता बसला, चहा प्यायला, आणखी मागितला. शेवटी मीच विचारलं, तुला यातलं नक्की काय येतं?

तो म्हणाला, "चिठ्ठीतली शेवटची गोष्ट मले बरोबर जमते."

*

खरा प्रोग्रामर मिळाला तो गणिताच्या स्टाफरूममध्ये. घोडमारे सर. लायब्ररीतल्या एका पुस्तकावरून ते प्रोग्रामिंग शिकले होते, पण कॉम्प्युटर त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. प्रोग्राम कागदावर लिहायचे आणि तो चालवायचेही स्वतःच, मनातल्या मनात. सर असे कॉम्प्युटर झाले की वहिनी जेवायलाही हाक मारत नसत.

मधूच्या घरी सर इस्त्रीचा शर्ट घालून आले. चपला दाराशी काढल्या, हात धुतले आणि मगच कीबोर्डजवळ बसले. आम्ही त्यांचा प्रोग्राम टाइप केला आणि तो पहिल्याच फटक्यात चालला. टीव्हीवर भीम केळझरहून निघून जंगलात पोचलासुद्धा! आम्ही टाळ्या वाजवल्या, पण सरांचा चेहरा पडला. पहिल्याच वेळी चालला म्हणजे कुठेतरी चूक असणारच, असं म्हणून ते कागद घेऊन घरी तपासायला गेले.

दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, "सगळं बरोबर आहे. मशीन चांगलं आहे तुमचं."

*

चित्रकार म्हणून मी बाबाराव पेंटरला पटवलं. वर्ध्यातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या. चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन भरून चित्र काढायचं, हे त्यांना मुळीच आवडलं नाही. त्यांनी काढलेल्या बकासुराचं पोट घाटाच्या पायऱ्यांसारखं दिसायचं. पण मिशा! तशा मिशा मी पुन्हा कुठल्याच स्क्रीनवर पाहिल्या नाहीत.

अडचण वेगळीच निघाली. पाटीच्या कोपऱ्यात स्वतःचं नाव टाकायचं, ही पेंटर लोकांची रीत. बाबारावांनी बकासुराच्या पायाशी 'बाबाराव, वर्धा' असं झोकात लिहिलं आणि त्यात एक पाय पूर्ण झाकला गेला. मधूने हात जोडून सांगितलं की गेममध्ये तेवढी जागा नाही, नाव काढावं लागेल.

बाबाराव शांतपणे म्हणाले, "मंग पाय काढ."

आमचा बकासुर शेवटपर्यंत एकाच पायावर उभा होता.

*

कॅसेटचा किस्सा मधूच्या आईचा. काकूंचं भजनी मंडळ होतं. एका मंगळवारी त्यांनी भजनाची समजून आमची कॅसेट लावली. गेमची कॅसेट टेपरेकॉर्डरवर वाजवली तर नुसती किर्रर्र, चीं चीं, कान किटतात. मी आणि मधू धावत पोचलो, तर बायका हात जोडून, डोळे मिटून बसलेल्या. टाळसुद्धा मांडीवर तयार.

मधूने घाईने टेप बंद केला आणि विचारलं, "आई, हे काऊन ऐकून राह्यल्या तुम्ही?"

काकू म्हणाल्या, "मले पह्यलेच समजलं होतं, हे भजन नाई म्हणून. पण माह्या पोराचं काम हाय, मधीच कसं बंद करू?"

आज काकू नाहीत, आणि हा किस्सा सांगताना मधू अजूनही खिडकीबाहेर पाहतो.

*

गेम तपासायला कोणीतरी बाहेरचं हवं होतं. सेवाग्रामला डॉक्टरकी शिकणारी माझी मावसबहीण शैला सायकलवर आली. गाडा भरला, जंगलात नेला, आणि तिथे तिने टाइप केलं: खा.

प्रोग्रामला जो शब्द माहीत नसे, त्याला तो एकच उत्तर द्यायचा: 'समजले नाही.'

शैला भडकली. "भीम हाय ना हा? गाडाभर अन्न समोर, अन् त्याले खाणं समजत नाई?"

मुद्दा बिनतोड होता. कथेतला भीम तर बकासुराच्या नाकावर टिच्चून सगळं जेवला होता. सरांनी प्रोग्राममध्ये 'खा' घातलं, 'झोप' घातलं, शैलाच्या आग्रहावरून 'हात धू' पण घातलं. 'समजले नाही' हे मात्र आमच्या तोंडात कायमचं बसलं. उसने पैसे मागितले की आम्ही एकमेकांना तेच सांगायचो.

*

आणि दसरा उजाडला.

सकाळी काकूंनी घरातल्या सगळ्या अवजारांची पूजा केली. अडकित्ता, शिलाई मशीन, दुकानातला तराजू आणि त्यांच्या रांगेत कॉम्प्युटर. हळद, कुंकू, फूल, वर मूठभर अक्षता! अक्षता कीबोर्डच्या फटीत गेल्या आणि काही बटणं रुतून बसली. सर चिमटा घेऊन एकेक दाणा काढत होते. मधू घामाने भिजला होता. मला वाटलं, संपलं, हा उद्यापासून गादीवर.

संध्याकाळपर्यंत बटणं कशीबशी सुटली, आणि सोनं वाटून बाबूजी आले. टोपी काढून ठेवली, चष्मा लावला आणि टीव्हीसमोर बसले. आम्ही सगळे मागे उभे. बाबूजींनी गाडा जंगलात नेला. एका पायावरचा बकासुर आला आणि खाली ओळ उमटली: 'मला रोज गाडाभर अन्न हवे.'

इथे 'मार' म्हणायचं, की भीम जिंकला आणि गेम संपला. मधूने हळूच तसं सुचवलंही. बाबूजींनी हातानेच त्याला थांबवलं आणि एका बोटाने, अक्षर शोधत शोधत टाइप केलं: भाव.

'समजले नाही.'

त्यांनी पुन्हा टाइप केलं: सौदा.

'समजले नाही.'

बाबूजींनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"मधू, रोज गाडाभर माल नेते हा. अन् ह्याले सौदा समजत नाई?"

"नाई, बाबूजी," मधू म्हणाला.

बाबूजी उठले. टोपी घातली, चपला घातल्या.

"मंग शिकव त्याले. त्याले सौदा जमत नाई तवर दुकानात पाय ठेवू नको."

आणि दारातून मागे वळून म्हणाले, "अन् हे पाह्य, आपला भाव आधी सांगू नको, पह्यला भाव बकासुराच्याच तोंडून काढजो."