पार्टिशन करून मिळेल

उजव्या हाताचा तळवा उभा धरायचा, डोळे बारीक करायचे आणि हवेत वरपासून खालपर्यंत एक सरळ रेघ मारायची. मग म्हणायचं, "आधी भिंत, मग बिऱ्हाड." आमच्या कंपनीतल्या सिस्टिमवाल्यांनी हा विधी केल्याशिवाय कुठल्या कॉम्प्युटरला हात लावलेला मला तरी आठवत नाही. तुम्ही समोर असतात तर तुम्हीही हसला असतात. आम्ही सगळेच हसायचो, आणि त्यांना ते आवडायचं.

दुबईच्या बर दुबई भागात नळ आणि बाथरूम फिटिंग विकणारी आमची ट्रेडिंग कंपनी. मी हिशेब बघायचो, ते कॉम्प्युटर बघायचे. माणूस चाळिशीचा, मिरजेचा, बुटका, खिशाला कायम स्क्रू ड्रायव्हर. दोन हजार सालच्या आगेमागेची गोष्ट आहे. तेव्हा चार जीबीची हार्ड डिस्क घेतलेला माणूस ती चारचौघांत सांगायचा.

आमच्या खोलीत कॉम्प्युटर एक आणि दावेदार दोन. मला हिशेबासाठी इंग्रजी विंडोज लागायचं. सरकारी पत्रं टाइप करणारे एक इजिप्शियन गृहस्थ होते, त्यांना सगळे उस्ताद म्हणायचे. त्यांना लागायचं अरबी विंडोज, ज्यात सगळा मामला उलटा आणि स्टार्टचं बटणसुद्धा उजव्या कोपऱ्यात. दुसरा कॉम्प्युटर मागितला की अरबाब, म्हणजे आमचे मालक, प्रसन्न हसून "इन्शाल्ला" म्हणायचे. आखातात राहिलेल्यांना याचा अर्थ सांगायला नको. बाकीच्यांनी तो 'बघू' असा घ्यावा.

शेवटी सिस्टिमवाल्यांनी एका सुट्टीच्या शुक्रवारी हार्ड डिस्कचे दोन भाग केले आणि एकात अरबी, दुसऱ्यात इंग्रजी असा संसार थाटून दिला. मशीन सुरू केलं की काळ्या पडद्यावर प्रश्न यायचा, कोणतं हवं? निवडाल ते जागं व्हायचं आणि दुसरं भिंतीपलीकडे झोपून राहायचं. गंमत म्हणजे जागं झालेल्याला वाटायचं की सगळं घर आपलंच, पलीकडे कुणी राहतं याचा त्याला पत्ताच नसायचा. सख्ख्या भावांना हे जमलं असतं तर कोर्टं ओस पडली असती, असं त्यांचं मत होतं.

भांडण मात्र मिटलं नाही. प्रश्नाचं उत्तर वेळेत दिलं नाही तर यादीतलं पहिलं नाव आपोआप सुरू व्हायचं, आणि पहिलं नाव अरबीचं होतं. मी चहा घेऊन येईपर्यंत स्टार्टचं बटण उजवीकडे गेलेलं असायचं. उस्ताद छातीवर हात ठेवून म्हणायचे, "हबीबी, अरब कंट्री है, अरबी फर्स्ट." सिस्टिमवाल्यांनी आमचं दोघांचं ऐकून घेतलं आणि ती मुदतच काढून टाकली. आता कुणीतरी उत्तर देईपर्यंत मशीन मुकाट थांबायचं. "प्रश्न माणसाला विचारलाय ना? मग उत्तर माणसानंच द्यावं," ते म्हणाले.

ते स्वतःही पार्टिशनमध्येच राहायचे. बर दुबईत तेव्हा पार्टिशन म्हणजे एकच गोष्ट. फ्लॅटच्या हॉलमध्ये घरमालकाला न विचारता प्लायवूडची भिंत ठोकायची आणि तयार झालेलं खोकं भाड्यानं द्यायचं. त्यांच्या खोक्यात एक पलंग, एक टेबल आणि उघडून ठेवलेले तीन-चार कॉम्प्युटर. बायको मिरजेला शाळेत कायम नोकरीत, मुलगी दुसरीत. दरवर्षी ते सांगायचे की पुढच्या मे महिन्यात दोघींना आणायचं, दुबई दाखवायची, बायकोला पटलं तर तिनं राजीनामा द्यायचा आणि मग तिघांनी एकत्र राहायचं. हे सांगताना त्यांचा चेहरा असा उजळायचा की त्यातला 'तर' आम्हाला ऐकू यायचा नाही.

अखेर तो मे महिना आला आणि तिकिटं निघाली. चार पैसे जास्त हवेत म्हणून त्यांनी कोपऱ्यावरच्या ग्रोसरीच्या काचेवर, भाड्याच्या खोल्यांच्या चिठ्ठ्यांशेजारी, आपली एक चिठ्ठी लावली. 'पार्टिशन करून मिळेल. फक्त शुक्रवारी.' खाली फ्लॅटचा पत्ता आणि आमच्या ऑफिसचा फोन. कॉम्प्युटर हा शब्द लिहायचा राहून गेला. त्यांच्या दृष्टीनं पार्टिशन दुसऱ्या कशाचं असणार?

पुढचे आठ दिवस मी फोन घेत होतो. खिडकी आहे का, एसी आहे का, बाथरूममध्ये किती जण, फॅमिलीला चालेल का. एका मल्याळी बाईंना ते स्वतः फोनवर तळमळीनं समजावत होते की दोन जीबीत सगळं आरामात मावतं. बाईंनी विचारलं, "किचन के साथ?"

हसून हसून आमची मुरकुंडी वळली. पण ती चिठ्ठी बिल्डिंगच्या वॉचमननंही वाचली होती. हा भाडेकरू आता भिंती घालून खोल्या भाड्यानं देतोय असं समजून त्यानं घरमालकाच्या ऑफिसला कळवलं. तिथला माणूस शुक्रवारी दारात उभा राहिला. सिस्टिमवाल्यांना वाटलं गिऱ्हाईक आलं. त्यांनी अगत्यानं आत घेतलं, हवेत रेघ मारून दाखवली, उघडा कॉम्प्युटर दाखवला. तो माणूस त्यांच्या खांद्यावरून प्लायवूडकडे बघत होता. खलास. आठवड्याभरात भिंत पाडायचा हुकूम झाला आणि बायको-मुलगी यायला दहा दिवस उरले होते.

मी घरी माझ्या बायकोला हे सांगितलं तर तिनं फोडणीवरून नजरसुद्धा हलवली नाही. "आपला हॉल आहे की. पडदा लावू," ती म्हणाली. सिस्टिमवाले नको नको म्हणत आले आणि पडद्याची दोरी बांधायला मात्र टेप घेऊन आले.

मायलेकी आल्या. वहिनी शांत, नीटनेटक्या. दुसऱ्याच दिवशी त्या माझ्या बायकोकडे इथल्या शाळांची चौकशी करू लागल्या, म्हणजे राजीनाम्याचं बहुधा ठरतच आलं होतं. आब्रा नावाच्या होडीत बसून खाडी पार झाली, मीना बाजार झाला, देवळात जाऊन झालं. पोरगी बाबांपेक्षा माझ्याशी जास्त बोलायची. बाबांशी बोलताना ती 'थँक यू' म्हणायची.

एका संध्याकाळी ते कुणाचं तरी काम करायला निघाले होते आणि दाराशी वाकून बुटाची नाडी बांधत होते. पोरीनं आईला विचारलं, "आई, बाबा परत कधी जाणार?"

पाहुण्याबद्दल विचारावं तसं, अगदी सहज.

"अगं, या वेळी आपण जाणार आहोत. बाबा नाही," वहिनी म्हणाल्या.

"पण बाबाच जातात ना नेहमी?"

माझी बायको उगाच आत गेली. ते बराच वेळ त्या एकाच नाडीशी खटपट करत राहिले, मग बूट काढून आत आले आणि पोरीशेजारी जमिनीवर बसले. बाहेर त्यांची वाट बघणारा तो कॉम्प्युटर तसाच राहिला.

सकाळी ते राजीनामा घेऊन अरबाबच्या केबिनमध्ये गेले. अरबाबनं कारण विचारलं. "माय डॉटर हॅज आस्क्ड मी समथिंग, सर," ते म्हणाले. काय विचारलं तेही सांगितलं. अरबाबला सात मुलं. त्यांनी 'इन्शाल्ला' म्हटलं नाही, सरळ सही केली. मी मात्र सिस्टिमवाल्यांना वेड्यात काढलं. मिरजेत अरबी विंडोज कोण मागणार आहे, म्हटलं. ते म्हणाले, कुणीच नाही, आणि मनापासून हसले. वहिनींना राजीनामा द्यावा लागला नाही. विमानतळावर उस्तादांनी सिस्टिमवाल्यांच्या दोन्ही गालांचे मुके घेतले तेव्हा ते इतके लाजले की हातातली बोर्डिंग कार्डं खाली पडली.

नंतर ऑफिसात काम होत होतं, पण मजा गेली होती. पाच-सहा महिन्यांनी उस्तादांनी काहीतरी दाबलं आणि इंग्रजी विंडोज गायबच झालं. भिंतीपलीकडे ते सुखरूप असणार एवढं मला ठाऊक होतं, पण त्याला हाक कशी मारायची ते येत नव्हतं. मी मिरजेला फोन लावला. पोरीनं उचलला. मागे कुकरची शिट्टी आणि कुणाचं तरी मोठ्यानं हसणं ऐकू येत होतं.

"बाबा आहेत का गं घरात?" मी विचारलं.

"आहेत की," ती म्हणाली. "कुठं जाणार?"