हात हलवणारा माणूस

सुरतेत, ऑटिझम असलेल्या मुलांच्या मदतीसाठी घरच्या घरच्या मंडळींनी मिळून गाण्याचा कार्यक्रम होता. पहिल्या रांगेतला एक माणूस गाणं संपलं की टाळ्या न वाजवता दोन्ही हात वर करून हलवायचा. आपल्यालाच बोलावतोय असं वाटून चहावाला दोनदा धावत आला. शेवटी निवेदिकेनं विचारलं, "काका, काही हवंय का?"

"लूमच्या खात्यात, मागांच्या खडखडाटात, टाळी कोनाले ऐकू येते?" तो मशिनींच्या आवाजावर ओरडल्यासारखा म्हणाला. "आम्ही हातच हालवतो. पोरीलेही टाळीचा त्रास होतो." शेजारी त्याची मुलगी कान दाबून बसली होती.

निवेदिकेनं सगळ्यांनाच हात हलवायला सांगितलं.

मग मी, बायको आणि पेटीवर मेहुणा, असे आम्ही गायलो. गाणं संपल्यावर सगळ्या सभागृहाचे हात वर गेले. फक्त त्याचेच खाली होते. मला ते लागलं. उतरून सरळ त्याच्याकडे गेलो.

"आमचं गाणं आवडलं नाही वाटतं?"

तो पहिल्यांदाच हळू बोलला. "भाऊ, पोरगी झोपली ना. डोकं माझ्या हातावर हाये."

आमच्या गाण्यात आजवर बरेच जण झोपलेत. अभिमान त्या दिवशी पहिल्यांदा वाटला.