दादाची वाढवलेली रजा

रजेचे नियम आमच्या घरात बाबांना ठाऊक, कारण ते कारखान्यात होते. घरी कोणी आजारी पडलं की तार करायची, बरं वाटलं की डॉक्टरांचं सर्टिफिकेट घेऊन हजर व्हायचं. याला ते ‘मेडिकल टाकणं’ म्हणत. माझा मोठा भाऊ आखातात वेल्डर होता. तो सुट्टीवर आला आणि नेमकं आईचं ऑपरेशन करावं लागलं, तेव्हा बाबा सहज म्हणाले, “मेडिकल टाक ना. आई आजारी म्हटल्यावर कोण नाही म्हणेल?”

दादानं तार केली. ‘आईला बरं वाटलं की या,’ असं कंपनीचं उत्तरही आलं. आम्ही निर्धास्त झालो. दादा आईला धरून उन्हात नेऊन बसवायचा. “माझ्यापायी अडकलास रे,” ती म्हणायची.

“तिकडं तरी कोण वाट बघतंय? वेल्डिंग मशीन?”

काही महिन्यांनी आई आधाराशिवाय चालू लागली, तसे दादा आणि मी शहरात द्वारका चौकातल्या एका एजंटाकडे विमानाचं तिकीट काढायला गेलो. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. आमच्याकडे कॉलेजात गेलेला मी पहिलाच, म्हणून कागदपत्रांच्या कामाला मला सोबत नेत. एजंटानं पासपोर्ट उघडला आणि अरबी शिक्क्यावर बोट ठेवलं.

“भाऊ, हे तर संपलं.”

“पासपोर्ट?”

“पासपोर्टला काय झालंय! परत शिरायची मुदत संपली. ठरलेल्या महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलं की तिथं राहायचा परवाना रद्द होतो.”

दादानं खिशातून तार काढली. “पण कंपनीनं रजा वाढवलीय.”

“वाढवली असेल. विमानतळावर काय कंपनी उभी राहते? तिथं सरकारचा माणूस असतो.”

मी चाचरत विचारलं, “मग अर्ज कोणाला करायचा?” मला खरंच वाटत होतं, की आईच्या आजारपणाचं नीट लिहिलं तर कोणीतरी वाचेल.

“कलेक्टर कचेरीत देऊन बघता का, प्रोफेसर?” तो हसला. मग दादाचा चेहरा पाहून हळू बोलला, “कंपनीनं नवीन व्हिसा काढला तरच काही होईल.”

आम्ही पुन्हा तार केली. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं: दादाच्या जागी दुसरा माणूस घेतला होता.

बाबा म्हणाले, “पण सर्टिफिकेट तर आहे आपल्याकडं.” त्यांनी ते पुन्हा एकदा वाचून काढलं.

संध्याकाळी ओट्यावर दादानं मला विचारलं, “माझी पेटी आहे रे तिकडं, खाटेखाली. कपडे, हत्यारं सगळं. तेवढी आणायला तरी जाऊ देतील का?”

“बघून सांगतो,” मी म्हणालो. कुठं बघायचं, ते मला माहीत नव्हतं.