चहा सांडला नव्हता

लोणावळ्याजवळच्या लष्करी रुग्णालयात माझं पहिलं पोस्टिंग. लेफ्टनंट, नर्सिंग. वय चोवीस. इंजेक्शन सफाईने द्यायचे. अक्कल यायची होती.

त्या वर्षी महिलांची मोटरसायकल मोहीम सीमेवर निघणार होती. आमच्या रुग्णालयाला जागा एकच, आणि ती मला हवी होती.

शिकवायला जवळच्याच औंढे गावचे हवालदार सोपान. रोज सकाळी साडेपाचला रिपोर्ट. मी गाडी चालवायची. ते मागे चहाचा भरलेला ग्लास धरून बसणार. गिअर टाकताना गचका बसला की चहा त्यांच्या वर्दीवर. पहिला आठवडा ते रोज वर्दी धूत होते.

“मॅडम, क्लच सावकाश सोडायचा. घाई न्हाई.”

चढावर जमलं. भुशीच्या उतारावर गिअर उतरवताना मात्र सांडायचाच. मग मला शक्कल सुचली. उतार लागला की क्लच दाबूनच ठेवायचा. गाडी आपली घरंगळत जायची. चार दिवस थेंब सांडला नाही. हवालदारही काही बोलले नाहीत. केवढी हुशार होते मी!

पाचव्या दिवशी सात वाजता चाचणी. अट तीच, चहा सांडता कामा नये. उतारावर तीच शक्कल. शेवटच्या वळणावर आरशात पाहिलं. हवालदारांनी भरलेला ग्लास रस्त्यावर ओतला.

खाली चाचणी घेणारे मेजरसाहेब उभे होते. “हवालदार, रिपोर्ट?”

“सर, चहा सांडला.”

जागा दुसरीला गेली. मी त्यांना गाड्यांच्या शेडमागे गाठलं. खोटं का बोललात, विचारलं.

“उतारावर तुमी क्लच दाबून ठेवता. इंजिन गाडीला धरत न्हाई, सगळा भार ब्रेकवर. घाटात मेला असता तुमी. खरं सांगितलं असतं तर फसवणुकीचा शेरा बसला असता तुमाला.”

“मग चार दिवस गप्प का बसलात?”

“तुमीच सांगाल, असं वाटलं व्हतं.”

दोन महिन्यांनी त्यांची बदली झाली. निघताना त्यांनी सॅल्यूट केला. मी फाईलमधून मान वर केली नाही. त्याच हिवाळ्यात उत्तरेत, कॉन्व्हॉयच्या पुढे मोटरसायकलवर असताना, ते शहीद झाले.

त्या चार दिवसांचा राग अजून आहे. त्यांनी आधी बोलायला हवं होतं. मीही.

परवा मोटरसायकलने भुशीवरून त्यांच्या गावी, औंढ्याला गेले. मागे नात, तिच्या हातात चहा. उतारावर दुसरा गिअर टाकला, क्लच पूर्ण सोडला.

“आजी, माझी जीन्स गेली.”

“जाऊ दे.”

गावातल्या त्यांच्या स्मारकापुढे गाडी लावली. सावधान उभी राहिले, सॅल्यूट केला.

हवालदार सोपान, चहा सांडला.