एका चावीत दोन तोड्या

आमच्या राहात्याच्या घरात ग्रामोफोनला चावी देण्याचा हक्क फक्त काकांचा. ग्रामोफोन माझ्या वडिलांचा, तबकड्या आईच्या. पण वडील गेले, थोरले काका कर्ते झाले आणि विहिरीच्या मोटेबरोबर ही चावीही त्यांच्या हाती गेली. मी तेव्हा पंचविशीतला, शाळेत मास्तर. पोरांना छडी दाखवू शकत होतो, काकांना नाही. त्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली, तरी सांगायला बसलो की माझे दात आवळतात.

तेव्हा दुसरी मोठी लढाई चालू होती. काकांनी एकदा जोशात चावी पिळली आणि आतली स्प्रिंग तुटली. नवी कुठे मिळेना. एका घड्याळजीने जुनीच कशीबशी सांधून बसवली. तेव्हापासून काकांचा कायदा झाला: वीस वेढे, एकविसावा नाही, आणि एका चावीत दोन तबकड्या.

"लोखंडालाबी जीव असतो," काका म्हणायचे.

असतो ना! पण तो सगळा जीव पहिली तबकडीच खाऊन टाकायची. दुसरीची पाळी येईपर्यंत यंत्राला धाप लागलेली असायची. आणि पहिली तबकडी नेहमी काकांच्या पसंतीची.

आता त्या दोन तबकड्या. दोन्हींवर राग तोडीच, दोन वेगवेगळ्या बायांनी गायलेली. दोन्ही जुन्या, गाणं संपलं की गाणारी बाई स्वतःचं नाव मोठ्याने सांगायची, तसल्या. एक काकांची आवडती. दुसरी वडिलांनी लग्नानंतर आईला आणून दिलेली. वडील होते तेव्हा ती सकाळी लागायची आणि आई ताक घुसळता घुसळता तिच्याबरोबर गुणगुणायची.

लढाईपायी तबकड्यांची लाख मिळेना, म्हणून नगरच्या दुकानदाराने नियम काढला होता: नवी तबकडी हवी तर एक जुनी मोडीत द्या. काकांना नवी हवी होती. मग एका घरात दोन तोड्या कशाला? एक जाईल. कोणती, ते रविवारी सकाळी पंचांसमोर ठरेल.

पंच तीन. काका, मी आणि चर्चमध्ये पेटी वाजवणारे एक मास्तर. हे मास्तर काकांच्याच खोलीत भाड्याने राहायचे, हे आधीच सांगून ठेवतो. ते पेटी घेऊन बसले. आई स्वयंपाकघराच्या दाराआड.

काकांनी वीस वेढे मोजून दिले. त्यांची बाई झोकात गायली. सूर जागच्या जागी, ताना सरसर. मग चावीला हात न लावता काकांनी आईची तबकडी चढवली. बिचारी निघाली बरी, पण अंतऱ्यापर्यंत आवाज घोगरा होत होत बसला.

"ऐक, ऐक," काका म्हणाले. "चढाला लागलेली गाडी. ह्याला तान म्हनायचं का कण्हनं?"

"काका, चावी उतरलीय. पुन्हा द्या आणि मग ऐका."

"वीस म्हंजी वीस. खऱ्या गळ्याला चावी लागत न्हाई."

मी मास्तरांकडे वळलो. "मास्तर, पेटीवर सूर धरून सांगा. बाई कुठल्या पट्टीतून निघाली आणि कुठे पोचली?"

मास्तरांचं बोट पट्टीवरच होतं. निघताना त्यांनी जी काळी पट्टी धरली होती, तिच्या अलीकडच्या, खालच्या सुराच्या काळीवर त्यांचं बोट शेवटी आलेलं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"तसं काय... ज्याची त्याची आवड असते."

ती पेटी त्यांच्याच डोक्यात घालावी असं वाटलं मला!

तेवढ्यात दाराआडून आईचा आवाज आला. थोरल्या दिरांशी ती थेट बोलत नसे; बोलायची माझ्याशी, पण ऐकू त्यांना जायचं.

"इचार रं तुज्या काकास्नी, घोडेगावच्या बाजारात दोन बैल पारखत्यात तवा एकाला पेंड चारून आन् दुसऱ्याला उपाशी ठिवून पळवत्यात का?"

मास्तरांना ठसका लागला. काकांचे कान लाल झाले.

"बैलाचं मला कुनी शिकवू नगा. हीच जानार. बुधवारी." आणि त्यांनी आईच्या तबकडीच्या पाकिटावर निळ्या पेन्सिलीने फुली मारली.

मंगळवारी दुपारी काका मळ्यात गेले. मी दोन्ही तबकड्या काढल्या आणि एकमेकींच्या पाकिटात घातल्या. लेबलं दोन्हींची सारखी आणि इंग्रजी; काका पाकिटावरूनच ओळखायचे. मनात नुसत्या उकळ्या फुटत होत्या!

बुधवारी काका नगरला गेले. नवी तबकडी घेऊन परत आल्यावर तिखटमीठ लावून सांगत होते, दुकानदाराने पाकीटसुद्धा उघडलं नाही, फळीच्या कडेवर आपटलं, दोन तुकडे! मी मान डोलावत होतो.

गुरुवारी सकाळी काकांना आपली बाई ऐकावीशी वाटली. मास्तरांना चहाला बोलावलं. फुली नसलेलं पाकीट. वीस वेढे. ताजी चावी.

"बघा मास्तर! पहिल्याच सुराला काटा आला अंगावर! ती कुठं आन् ही कुठं!"

मास्तरांनी कप खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं. मी आढ्याकडे. रविवारी गिळलेलं खरं त्यांना गुरुवारीही गिळावं लागलं, आणि मला ते फार गोड वाटलं.

गाणं संपलं. बाईने खणखणीत आवाजात आपलं नाव सांगितलं.

सुई शेवटच्या रेघेत खरखरत राहिली. काकांनी ती उचलली. पुन्हा वीस वेढे दिले आणि तीच तबकडी पहिल्यापासून लावली. त्या दिवसापासून प्रत्येक तबकडीला वेगळी चावी मिळू लागली.

मी शाबासकी घ्यायला स्वयंपाकघरात गेलो. "आई, तुझी तबकडी वाचली."

"आन् ती दुसरी?"

"फोडली दुकानदाराने."

आई पाटावरून उठली. इतकं चिडलेलं मी तिला कधी पाहिलं नव्हतं. "तिनं काय घोडं मारलं हुतं तुजं? लई ग्वाड गायची ती. राग काकावर, आन् जीव घेतलास त्या बाईचा. तू आन् तुजा काका, एका मापाचं."

ती तबकडी मी कधी धड ऐकलीच नव्हती. ती वाजायची तेव्हा मी काकांवर चडफडत असायचो.

नंतर तीच तोडी नगरला शोधली, पुण्याला शोधली. काकांवरचा राग अजून गेलेला नाही, जायचाही नाही. पण कुणाच्या घरी जुन्या तबकड्यांची चळत दिसली, की मी परवानगी न विचारता तोडी शोधतो, चावी पुरती भरतो आणि शेवटी नाव कोणाचं येतं ते ऐकायला थांबतो. दुसरंच कुणाचं तरी येतं.