धक्का न लागू देणारा माणूस

यवतमाळ जिल्ह्यातल्या खड्ड्यांशी माझ्या सासऱ्यांनी जेवढं वैर धरलं, तेवढं शेताच्या धुऱ्या-बांधावरून सख्ख्या भावांनीही एकमेकांशी धरलं नसेल. ते एसटीचे ड्रायव्हर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण खड्डा दिसला की अजूनही त्यांच्या कपाळाला अशी आठी पडते, जणू तो मुद्दाम त्यांच्याचसाठी कुणी खणून ठेवलाय. दारव्ह्यापासून उमरखेडपर्यंत कुठं गतिरोधक आहे, त्यातला कुठला पांढऱ्या पट्ट्यांविना लपून बसलाय, कुठल्या पुलाच्या तोंडाशी डांबर खचलंय, हे त्यांना नातेवाइकांच्या नावांपेक्षा पक्कं ठाऊक असतं. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. मामाजी दुसऱ्याच्या गाडीत बसले की उजवा पाय समोर दाबत राहतात, आणि तिथं ब्रेक नाही हे उतरेपर्यंत त्यांच्या लक्षात येत नाही. गाडीचं दार आपटून लावणाऱ्याला ते क्षमा करत नाहीत. माझ्या एका काकांशी त्यांचं आमच्या लग्नातच बिनसलं, ते एवढ्याचवरून. काठोकाठ भरलेला चहाचा कप घेऊन ते स्वयंपाकघरातून ओसरीवर येतात आणि बशीत थेंब सांडलेला नसतो. बाजारातून टरबूज आणायचं तर मांडीवर घेऊन, तान्ह्या बाळाच्या डोक्याला द्यावा तसा हाताचा आधार देऊन. एकदा बोरी अरबजवळच्या आमच्या शेतावर जाताना मागून आलेली बैलबंडी आमच्या गाडीला ओलांडून पुढं गेली. बंडीवाल्यानं काळजीनं विचारलं, “मामा, गाडी बंद पडली काय? ढकलू काय?” मामाजी शांतपणे म्हणाले, “तू जाय बाबू. माह्या गाडीत मानसं हायेत.”

अशा माणसाच्या घरात माझं आयव्हीएफ व्हायचं होतं.

मी दारव्ह्यातल्या एका शाळेत शिकवते. लग्नानंतर बरीच वर्षं वाट पाहून, बरीच औषधं पोटात घालून शेवटी आम्ही यवतमाळच्या एका दवाखान्यात पोहोचलो. बाहेर तयार झालेला गर्भ एका बारीक नळीतून पिशवीत सोडायचा. भूल नाही, टाका नाही. सगळं आटोपल्यावर डॉक्टरबाई मला आणि नवऱ्याला म्हणाल्या, “औषधं वेळेवर घ्या, जड उचलू नका, बाकी रोजचं चालू द्या. शाळेत जा, स्वयंपाक करा. पडून राहिल्यानं गर्भ जास्त रुजतो असं काही नाही.” मामाजी खाली गाडीपाशी थांबले होते. मागच्या सीटवर त्यांनी घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या उश्या रचून ठेवल्या होत्या. नवऱ्यानं त्यांना डॉक्टरबाईंचं म्हणणं सांगितलं. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बाई हुशार हाये. पन दारव्ह्याचा रस्ता तिनं पाह्यला नसन.”

त्या दिवशी आम्ही यवतमाळहून दारव्ह्याला इतक्या सावकाश आलो की वाटेतल्या शेतातली कापूस वेचणारी बाई मला अख्खी ओळ संपवून परत फिरताना दिसली. सुनेसमोर असल्या गोष्टींचं नाव कसं घ्यायचं, हा मामाजींपुढचा मोठाच पेच होता. तो त्यांनी आपल्या परीनं सोडवला. घरी पोहोचताच त्यांनी माझ्याकडे न पाहता भिंतीला सांगितलं, “पाशिंजर नुकतंच चढलं हाये. त्याले सीट पकडू द्या. तवर घरात कोनी हालू नोका.” आणि खरंच घर हलायचं थांबलं. कपडे धुवायची मशीन फिरताना फरशी थरथरते म्हणून ती अंगणात गेली. माझ्या पलंगाच्या पायांखाली जुन्या टायरचे तुकडे बसले. शेजारच्या मुलाला त्याची मोठ्या आवाजाची मोटारसायकल गल्लीच्या तोंडापासून ढकलत घरी न्यावी लागे, आणि मामाजींच्या धाकानं तो ती नेईही. मला शिंक आली तर बाहेरून लगेच आवाज यायचा, “सांगा तिले, हळू शिंकजो म्हना!” सासूबाई तोंडाला पदर लावून हसायच्या. पण ताट पलंगावर आणून देताना त्याही मला उठू देत नव्हत्या. मी पडून राहिले. खरं सांगायचं तर मला ते आवडतही होतं. इतक्या वर्षांत माझ्या पोटाची एवढी चौकशी कुणी मायेनं केली नव्हती.

रिपोर्ट आला, आणि गर्भ रुजलेला नव्हता.

मामाजींनी मला एका शब्दानं काही म्हटलं नाही. मशीन आत आणली, टायरचे तुकडे काढून टाकले आणि गाडीची किल्ली मुलाच्या हातात दिली. “आजपासून तू चालव,” एवढंच म्हणाले. त्यांचं जेवण निम्म्यावर आलं. शेताकडं जाणं सुटलं, सकाळचा पेपर घडी न मोडता तसाच पडू लागला. शेवटी एकदा नवऱ्यानं त्यांना खोदून विचारलं, तेव्हा ते हळूच म्हणाले, “बोरीच्या पुलाजवळ एक खड्डा चुकला माह्याकून. मागचं चाक गेलतं त्याच्यात.”

मला तो खड्डा आठवतही नव्हता. उश्यांच्या त्या ढिगात मला कुठला धक्का लागणार होता? मी परोपरीनं सांगून पाहिलं, पण सुनेच्या सांगण्यावर त्यांचा विश्वास बसेना. दुसऱ्यांदा प्रयत्न करायचं ठरलं तेव्हा मी हट्टानं त्यांनाही डॉक्टरबाईंसमोर नेऊन बसवलं. ते खुर्चीच्या अगदी कडेवर, टोपी गुडघ्यावर ठेवून बसले. डॉक्टरबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. “काका, पिशवीच्या भिंती एकमेकींना चिकटलेल्या असतात. गर्भ त्यांच्या मधे असतो. तो चालल्यानं, उभं राहिल्यानं, गाडीत बसल्यानं सांडत नाही. नाही रुजला तर बहुतेक वेळा कारण गर्भातच असतं. खड्ड्याचा काही संबंध नाही.”

मामाजींनी मान डोलावली, पण उठले नाहीत. मग टोपी फिरवत म्हणाले, “एक इचारू काय? समजा, असं दवाखान्यातलं नाही. घरचंच, साधं. दोन-तीन महिने झाले असन. बाई एसटीत बसून उमरखेडहून येत असन, अन् गाडी दनकन् खड्ड्यात गेली असन. मंग दोन दिवसानं… नाही राह्यलं.”

डॉक्टरबाईंनी हातातला पेन खाली ठेवला. “कुणाचं, काका?”

“आमच्या मंडळीचं. याच्या आंधी.” त्यांनी माझ्या नवऱ्याकडे बोट केलं. “गाडी मीच चालवत होतो.”

माझा नवरा त्यांचा एकुलता एक मुलगा. त्याच्या आधी कुणी येऊ घातलं होतं, हे त्याला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

“सुरुवातीच्या महिन्यांत जातं ते बहुतेक करून गर्भातच काही कमी राहिलं म्हणून जातं,” डॉक्टरबाई सावकाश म्हणाल्या. “बसच्या धक्क्यानं नाही जात, काका. तुम्ही कितीही जपून चालवली असती तरी.”

मामाजी “बरं” म्हणाले आणि टोपी डोक्यावर ठेवून बाहेर गेले. येताना गाडीत त्यांचा उजवा पाय त्या दिवशी हलला नाही.

घरी सासूबाई ओसरीवर तूर निवडत बसल्या होत्या. मामाजी चपला न काढताच त्यांच्यापुढे उभे राहिले. आम्ही मागे आहोत याचं त्यांना भान नव्हतं. “ऐकलं काय,” ते म्हणाले, “थे आपलं पहिलं… माह्या गाडीनं नाही गेलं. डाक्टरीन सांगे.”

सासूबाईंचा सुपातला हात थांबला. “तुमच्या गाडीनं गेलं असं कोन म्हनलं?”

“कोनी नाही. मीच.”

सासूबाईंनी सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, “मी त समजत होती का माह्यानं गेलं. तुम्ही नोको म्हनत होते, तरी मी हट्टानं माहेरी गेलती. तिथं विहिरीचं पानी बी शेंदलं. कोनाले सांगतलं नाही.”

“पान्यानं बी नाही जात,” मामाजी घाईघाईनं म्हणाले. हे त्यांनी डॉक्टरबाईंना विचारलेलं नव्हतं. पण ते इतक्या खात्रीनं बोलले की सासूबाईंनीही मान हलवली.

“मंग इतके वर्स बोलले काहून नाही?”

“तू तरी कुठं बोलली?”

मामाजी खाली जमिनीवरच बसले आणि सूप आपल्याकडे ओढून तूर निवडू लागले. त्यांना ते मुळीच येत नव्हतं. चांगले दाणे खडे म्हणून फेकत होते, आणि सासूबाई ते मुकाट्यानं उचलून परत सुपात टाकत होत्या.

दुसऱ्या वेळेस गर्भ सोडला त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी शाळेत गेले. फळ्यासमोर उभी राहिले, जिने चढले, घरी येऊन भाकरी केल्या. या वेळी मामाजींनी भिंतीलासुद्धा काही सांगितलं नाही. फक्त मी घरात शिरले की ते पेपरच्या वरून एकदा पाहायचे आणि पुन्हा पेपरमागे जायचे.

तेव्हाही राहिलं नाही.

रिपोर्ट कळला त्या संध्याकाळी मी मागच्या पायरीवर बसले होते. डॉक्टरबाईंचं सगळं मला पाठ होतं, ते चित्रही डोळ्यांसमोर होतं, आणि तरीही मी शाळेचे जिने मनात पुन्हा पुन्हा चढत होते. मामाजी आले. इतक्या वर्षांत माझ्याशी थेट क्वचितच बोललेला तो माणूस माझ्या शेजारी त्याच पायरीवर बसला.

“पोरी, इकडं पाह्य,” ते म्हणाले. “हे तुह्या चालन्यानं नाही गेलं. शाळेनं नाही गेलं, जिन्यानं नाही गेलं. तुले कोनी काही म्हननार नाही, हे मले मालूम हाये. पन तू आपल्या मनाशी म्हनशीन. म्हनून सांगून राह्यलो.”

रिपोर्ट आल्यापासून मी रडले नव्हते, तेव्हा रडले. ते उठून गेले नाहीत. सासूबाईंनी दिवा लावला, आम्हाला पाहिलं आणि जेवणाची ताटं तिथंच आणून दिली.

तिसऱ्यांदा जायचं की नाही, हे आम्ही अजून ठरवलेलं नाही. घरात त्यावर कुणी घाई करत नाही. पण एक बदललं आहे. जेवताना कधी कधी ते दोघं त्या पहिल्या लेकराबद्दल सहज बोलतात. थे असतं त आज त्याचे केस पिकाले लागले असते, असं सासूबाई म्हणतात. तुह्यासारखं हट्टी निंगालं असतं, असं मामाजी म्हणतात. माझा नवरा मान खाली घालून ऐकत असतो. एकट्यानं वाढलेल्या त्याला चाळिशीत एक थोरलं भावंड मिळालंय. आणि मग बोलता बोलता सासूबाई आमच्या न राहिलेल्या दोन गर्भांचीही नावं त्यात घेतात. नावं म्हणजे काय, “पहिलं” आणि “दुसरं” एवढंच. मी त्यांच्या ताटात भाकरी वाढते, आणि त्या म्हणतात, “बस तूही आता.”